पुळणीवरची कासवं: कोकणच्या हवेत टिकणारा वाढदिवसाचा केक

एप्रिल-मे महिन्यात मालवण, गुहागरकडे वाढदिवस असेल तर बटरक्रीमच्या फुलांचा हट्ट सोडा. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळायला लागतं आणि दुपारी आपल्या स्वयंपाकघरात तेवढा उकाडा असतोच. फाँडंट, म्हणजे केकवर चढवायचं साखरेचं लाटलेलं आवरण, तेही दमट हवेत चिकट होतं. आपल्याकडे खरी भिस्त ठेवावी ती गनाशवर, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट लेपावर.

केक आदल्या दिवशीच भाजून पूर्ण गार करा आणि वरचा फुगवटा सुरीने कापून सपाट करा. थरांमध्ये हापूसच्या फोडी घालायचा मोह होतो, पण फोडींना पाणी सुटतं. त्याऐवजी मंद आचेवर आटवून गार केलेला आमरस लावा.

गनाशसाठी ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा. १५० ग्रॅम फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून त्यावर ओता, दोन मिनिटं थांबा आणि मग मधून बाहेर ढवळत जा. एरवी दोन्ही समसमान घेतात, पण उन्हाळ्यात चॉकलेट दुप्पटच हवं. मिश्रण लोण्यासारखं घट्टसर झालं की पातळ थर द्या. सुटलेला चुरा त्यात अडकतो. केक वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून दुसरा, जाड थर द्या. सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून फिरवली की कडा गुळगुळीत होतात.

आता कासवं. हे काम मुलांच्याच हाती द्यावं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलेलं मूल असेल, तर तेच तुम्हाला चार गोष्टी शिकवेल. ही पिल्लं हिरवी नसतात, काळपट राखाडी असतात. म्हणून वाटीभर काजूची बारीक पूड, अर्धी वाटी पिठीसाखर आणि चमचाभर कोको घ्या, दुधाचे थेंब टाकत घट्ट मळा. सुपारीएवढी गोळी लांबट चपटी करा, सुरीच्या बोथट बाजूने पाठीवर रेघा ओढा. पुढचे वल्ह्यासारखे पाय मागच्यांपेक्षा लांब ठेवा, नाहीतर कासव बेडकासारखं दिसतं.

केकच्या एका कडेला समुद्र करायचा. व्हिपिंग क्रीम बर्फावर ठेवलेल्या भांड्यात फेटा, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच निळा जेल रंग घाला, कारण तासाभरात तो आपोआप गडद होतो. पायपिंग बॅग नसेल तर दुधाची पिशवी स्वच्छ धुऊन वाळवा आणि कोपरा कापून वापरा. निळ्या लाटांच्या काठावर पांढऱ्या क्रीमची एक रेघ ओढली की फेस झाला.

पुळणीसाठी मारी बिस्किटांची पूड पुरे. ती मात्र अगदी शेवटी, पाहुणे यायच्या सुमारास भुरभुरा. फ्रिजमधून काढलेल्या केकवर दव धरतं, म्हणून केक झाकलेल्या डब्यातच बाहेर काढा, अर्धा तास तसाच राहू द्या आणि मगच पूड घाला. मग कासवं मांडा, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. मागे टूथपिकने पावलांच्या बारीक खुणा काढायला विसरू नका, मुलांची नजर आधी तिथेच जाते.

मेणबत्त्या वाळूच्या बाजूला, कासवांपासून लांब लावा, आणि येणाऱ्या मुलांपैकी कुणाला काजू चालत नाही का, हे त्यांच्या घरी आधीच विचारून घ्या.