अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा कोच व्हायचंय, त्यांच्यासाठी

कॉलेज फुटबॉलचा (लांबट चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलचा) नियमित हंगाम नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी जवळपास आटोपतो. रविवार उजाडतो तोवर कुठल्या ना कुठल्या हेड कोचची नोकरी गेलेली असते. एकट्या त्याचीच नाही. त्याने आणलेले सहाय्यक कोच आणि त्यांच्या हाताखालचे ॲनालिस्ट, म्हणजे सामन्यांचं विश्लेषण करणारेही अधांतरी लटकतात. त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्या तरी गावात नवा हेड कोच आपली माणसं गोळा करायला लागलेला असतो. या क्षेत्रातल्या बहुतेक नोकऱ्या याच दिवसांत, फोनवर आणि ओळखीतून लागतात. जाहिरात निघते, अर्जही मागवतात, पण पुष्कळदा तोवर माणूस ठरलेला असतो. हे ऐकून नाउमेद होऊ नका. ओळख म्हणजे इथे वशिला नव्हे. तुमचं काम कोणी तरी डोळ्यांनी पाहिलेलं असणं म्हणजे ओळख.

मी पुण्याहून एमएससाठी आलो, विद्यापीठाच्या फुटबॉल विभागात व्हिडिओच्या कामाला विद्यार्थी म्हणून लागलो आणि तिथून सामन्यांच्या विश्लेषणात शिरलो. आज एका लहान कॉलेजात तेच काम करतो. मी हेड कोच नाही, पण हेड कोच कसे घडतात ते जवळून बघतोय. इथल्या मराठी घरांतली हायस्कूलमध्ये खेळणारी मुलं आणि भारतातून शिकायला येणारे काही जण या वाटेबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी पायऱ्या समजून घ्या. कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए, तिच्यात सगळ्यात वर एफबीएस, म्हणजे टीव्हीवर दिसणारी अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट वगैरे. त्याखाली एफसीएस, मग डिव्हिजन टू, मग डिव्हिजन थ्री, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. शिवाय लहान कॉलेजांची एनएआयए ही वेगळी संघटना. पगारातली दरी एवढी मोठी आहे की हे सगळे एकाच पेशातले आहेत यावर विश्वास बसू नये. जॉर्जियाच्या कर्बी स्मार्टना 2024 मध्ये वर्षाला 1 कोटी 30 लाख डॉलरचा करार मिळाला. डिव्हिजन थ्रीच्या कोचचा पगार पुष्कळदा शाळामास्तराइतका असतो आणि त्यात तो कॉलेजची आणखी एखादी जबाबदारीही सांभाळतो. पालक मला वरचा आकडा दाखवतात. मी त्यांना खालचा दाखवतो, कारण पहिली बरीच वर्षं त्याच्याही खाली काढायची असतात.

नेहमीचा दरवाजा म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, सगळे त्याला जीए म्हणतात. पदव्युत्तर वर्गात नाव घालायचं, फी बहुधा माफ, हातात थोडं विद्यावेतन आणि दिवसरात्र काम. निक सेबन 1973 मध्ये केंट स्टेटला असेच जीए झाले. तोवर कोच व्हायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. पत्नी टेरी यांचं शिक्षण पुरं व्हायला एक वर्ष बाकी होतं आणि तिथले हेड कोच डॉन जेम्स यांनी विचारलं, म्हणून थांबले. पुढे सिराक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, मध्येच व्यावसायिक संघ ह्यूस्टन ऑयलर्स असं फिरत ते पहिल्यांदा हेड कोच झाले 1990 मध्ये, टोलीडोला. सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेल्या माणसाला पहिली खुर्ची मिळायला 17 वर्षं लागली.

जीएचं काम काय असतं ते जरा नीट सांगतो, कारण इथेच माणूस पारखला जातो. शनिवारचा सामना संपला की पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे आधीचे सामने उघडायचे आणि प्रत्येक प्ले, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतची एकेक चाल, फोडायचा: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या डाव्या की उजव्या खुणांवर), मैदानात कोणती जोडणी, मांडणी कशी, स्नॅपआधी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, कोण हलला, निष्पन्न काय. जोडणीला आकडा असतो: एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) असेल तर ‘11’, एक बॅक आणि दोन टाइट एंड असतील तर ‘12’. एकेका सामन्यात आक्रमणाचे साठ-सत्तर प्ले. त्यातून प्रतिस्पर्ध्याच्या सवयी निघतात. तिसऱ्या डाउनला थोडेच यार्ड हवे असले की हे काय करतात, स्वतःच्या गोललाइनजवळ अडकले की कुठे पळतात, वगैरे.

मग कार्डं. जाड पुठ्ठ्यावर मार्करने प्रतिस्पर्ध्याचा प्ले काढायचा. आक्रमणातल्या अकरा खेळाडूंच्या खुणा, म्हणजे वर्तुळं, मधल्या सेंटरचा मात्र चौकोन, आणि कोणी कुठे धावायचं याच्या रेषा. मंगळवारी-बुधवारी सरावात जीए हे कार्ड स्काउट टीमसमोर धरतो. ही संघातली मागच्या फळीतली मुलं, आठवडाभर प्रतिस्पर्धी असल्यासारखी खेळतात. कार्डावर नजर टाकून पाच-सात सेकंदांत त्यांना आपली जागा कळली पाहिजे. तुम्ही टाइट एंड डावीकडच्या ऐवजी उजवीकडे काढलात, तर समोरचा मुख्य बचाव चुकीची गोष्ट पाठ करून शनिवारी मैदानात उतरतो. ज्याची कार्डं चुकत नाहीत त्याचं नाव कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे आक्रमण किंवा बचाव सांभाळणाऱ्या मुख्य सहाय्यकाच्या, लक्षात राहतं. डिसेंबरात तो दुसरीकडे गेला की ज्यांना फोन करतो त्यांत ते नाव असतं. वर ज्याला ओळख म्हटलं ती ही.

म्हणूनच नव्याने येणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. कुठल्या कॉलेजात आहात यापेक्षा कोणाच्या हाताखाली आहात आणि तुमच्यावर काय सोपवलंय, याला महत्त्व द्या. मोठ्या विद्यापीठात विश्लेषकांचीच फौज असते. तिथे तुम्ही वर्षभर फक्त पंटचे (लाथेने चेंडू लांब टोलवण्याचे) व्हिडिओ कापत बसाल. लहान कॉलेजात माणसं कमी, त्यामुळे पहिल्याच हंगामात एखाद्या जागेवर खेळणारी सगळी मुलं (सगळे टाइट एंड, समजा) तुमच्या गळ्यात पडतात. शिकायला तेच बरं.

कर्ट सिग्नेटी यांची वाट मला या बाबतीत सगळ्यात बोलकी वाटते. त्यांचे वडील फ्रँक सिग्नेटी वेस्ट व्हर्जिनियाचे हेड कोच असताना 1978 मध्ये सेबन त्यांच्याकडे सहाय्यक होते. 2007 मध्ये सेबन अलाबामाला आले, तेव्हा त्यांनी कर्टना आपल्याकडे घेतलं. अलाबामा 2009 चं विजेतेपद जिंकली. अशा जागेवरून सहाय्यक उठतो तो दुसऱ्या मोठ्या जागेसाठी. सिग्नेटींनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 2011 मध्ये, डिव्हिजन टूमधल्या इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचं हेड कोचपद घेतलं. पगार कमी, दिमाख नाही, पण संघ आपला. तिथून इलॉन, जेम्स मॅडिसन आणि 2024 मध्ये इंडियाना विद्यापीठ, ज्याच्या फुटबॉलच्या नावावर हरण्याचाच इतिहास होता. पहिल्याच हंगामात 11 विजय आणि प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी. पुढच्या हंगामात एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद.

सेबननंतर अलाबामाला आलेले केलन डीबोअर एनएआयएतल्या सू फॉल्सला पाच हंगाम हेड कोच होते. तिथे 67 विजय, 3 पराभव, तीन विजेतेपदं. कॅन्ससचे लान्स लायपोल्ड डिव्हिजन थ्रीत विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर कॉलेजात सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकले, मग वर आले. योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. हेड कोचची निम्मी कामं कोऑर्डिनेटरला कधी करावीच लागत नाहीत: कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, बसच्या पैशांवरून कचेरीशी भांडायचं, नापास होऊ घातलेल्या पोराला अभ्यासाला बसवायचं, मुलाला खेळायला मिळत नाही म्हणून चिडलेल्या बापाचा फोन घ्यायचा. लहान जागी हे सगळं तुम्हीच करता. मोठ्या जागी ते पहिल्यांदा करायची पाळी आली, तर शिकायला वेळ मिळत नाही.

स्वतः कॉलेजात खेळला नसाल तर? वाट अरुंद होते, बंद होत नाही. माइक लीच कॉलेजात खेळले नव्हते. पेपरडाइनमधून कायद्याची पदवी घेतली, मग कोचिंगमध्ये आले, एक उन्हाळा थेट फिनलंडमध्ये कोचिंग केलं, पुढे हॅल ममी यांच्याबरोबर लहान कॉलेजांतून एअर रेड ही पासिंगची पद्धत घडवली आणि टेक्सस टेक, वॉशिंग्टन स्टेट, मिसिसिपी स्टेट इथे हेड कोच झाले. आज न खेळलेल्यांसाठी व्हिडिओ, डेटा आणि भरती (नवे खेळाडू मिळवणं) हे तीन दरवाजे आहेत. पूर्वी ॲनालिस्टला मैदानात खेळाडूंना शिकवायची मुभा नव्हती. जून 2024 मध्ये एनसीएएने ते बंधन काढलं. हा बदल आपल्यासारख्यांसाठी फार मोलाचा आहे. गणित चांगलं असलेली आपली मुलं संगणकापाशीच थांबतात. त्यांनी आता बूट घालून मैदानात उतरायला हवं.

हेड कोचचं कामही झपाट्याने बदललंय. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, 2021 मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची परवानगी मिळाली, त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडू आपल्या नावावर पैसे कमावू लागले. 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. त्यामुळे जनरल मॅनेजर हे नवं पद निघालंय. स्टॅनफर्डने 2024 मध्ये आपला जुना क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) अँड्र्यू लक याला त्यावर नेमलं. या कचेऱ्यांना हिशेब आणि खेळाडूंचं मूल्यमापन जाणणारी माणसं लागतात.

घरच्यांशी मात्र आधी बोला. डॅबो स्विनी यांची अलाबामातली सहाय्यकाची नोकरी हेड कोच बदलल्यावर गेली. दोन वर्षं ते व्यापारी जागा भाड्याने देण्याच्या धंद्यात होते. 2003 मध्ये क्लेमसनने बोलावलं, 2008 मध्ये हंगामाच्या मध्यातच तिथले हेड कोच झाले आणि पुढे दोन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. अशी रिकामी वर्षं जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतात. मोठ्या हेड कोचला काढलं तर भरपाई मिळते, 2023 मध्ये टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढलं तेव्हा ती साडेसात कोटी डॉलरच्या वर होती. ज्युनियर सहाय्यकाच्या हाती फार तर काही महिन्यांचा पगार पडतो, आणि मुलांची शाळा पुन्हा बदलते. जोडीदाराची नोकरी दुसऱ्या गावी नेता येण्यासारखी असेल, तर या संसाराला मोठा आधार असतो.

भारतातून येणाऱ्यांना व्हिसाचं गणित वेगळं मांडावं लागतं. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं आणि हंगामातलं काम त्यात मावत नाही. म्हणून विभागाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि तास लिहून ठेवा. पदवी संख्याशास्त्र किंवा डेटा सायन्ससारख्या विषयात घेतलीत तर ओपीटीच्या, म्हणजे पदवीनंतर काम करायच्या परवानगीच्या, एका वर्षाला आणखी 24 महिने जोडून मिळू शकतात. क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीवर ते सहसा मिळत नाहीत. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक कोट्यातून विद्यापीठं वगळलेली आहेत, ही जमेची बाजू. बाकीचं आपल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातच विचारा, व्हॉट्सॲपवर नको.

सुरुवात कुठून करायची? ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याआधी, जूनमध्येच जवळच्या डिव्हिजन टू किंवा थ्री कॉलेजच्या फुटबॉल कचेरीत जा. उन्हाळी कॅम्पला माणसं नेहमी कमी पडतात. मुलाखत मागू नका, काम मागा: टॉवरवर कॅमेरा धरायचा, शंकू मांडायचे, काहीही. बरोबर एखाद्या संघाच्या तीन सामन्यांचं तुम्ही स्वतः फोडलेलं विश्लेषण न्या, दोन पानांत बसणारं. चाळीस पानं कोणी वाचत नाही. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. तिथली व्याख्यानं चांगली असतात, पण हॉटेलच्या लॉबीतही थांबा. ज्यांच्या हाताखाली काम केलंय त्यांच्याबरोबर थांबा, म्हणजे दुसऱ्या कोचशी ओळख तेच करून देतील.