फोन घेण्याआधी ‘४जी प्लस’चं बघा

४जीचा एक कॅरिअर (म्हणजे टॉवर आणि फोन यांच्यातली लहरींची एक वाट) जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन, म्हणजे असे कॅरिअर एकत्र जोडायची सोय (हेच ‘४जी प्लस’), असलेला फोन उदाहरणार्थ १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे (बँड) एकाच वेळी पकडतो. एका बादलीवर दोन नळ सोडल्यासारखं. २० अधिक २० मिळाले तर कागदोपत्री वेग जवळपास दुप्पट होतो. (गर्दीच्या टॉवरवर एवढं कुठलं मिळायला!)

नवा फोन घेताना नुसती बँडची यादी वाचून भुलू नका, बँडच्या कुठल्या जोड्या एकत्र चालतात ते विचारा. स्वस्तातले कित्येक फोन इथेच मार खातात. हातातला फोन तपासायचा तर मोठं डाउनलोड लावून वरच्या कोपऱ्यात ‘४जी प्लस’ उमटतं का बघा. फोन नुसता पडून असताना दुसरा कॅरिअर बहुधा जोडलाच जात नाही. आणि फोन एकाच बँडवर लॉक करून ठेवला असेल तर तो लॉक आधी काढा.