पावसाळ्यात पायांना बॅरियर क्रीम लावताना

बॅरियर क्रीम म्हणजे त्वचेवर पाणी अडवणारा थर देणारं क्रीम. मेडिकलमध्ये "पायाला काहीतरी क्रीम द्या" असं सांगू नका. ट्यूबवर झिंक ऑक्साइड, डायमेथिकोन किंवा पेट्रोलियम जेली यांपैकी एक घटक हवा. बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल दिसलं तर ती परत करा. ती स्टेरॉइडं आहेत. खाज थांबते, चिखल्यांची बुरशी मात्र वाढत राहते. गमबूट घालणार असाल तर जेली नको, तिने रबर खराब होतं. डायमेथिकोन घ्या.

निघण्याआधी पाय धुवा.

आता पुसणं, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. टॉवेल दोनदा फिरवून लगेच क्रीम थापलं की बोटांच्या बेचक्यांतला ओलावा थराखाली कोंडतो. मुंबईच्या दमट हवेत तो तसा वाळतही नाही. संध्याकाळपर्यंत कातडी पांढरी, लिबलिबीत होते आणि दोष क्रीमला जातो. जुन्या सुती पंचाचं टोक एकेका बेचक्यात घालून दाबून टिपा, घासू नका. मग बोटं फाकवून दहा मिनिटं पंख्याखाली बसा. गाडी चुकेल म्हणून ही दहा मिनिटं वाचवणार असाल तर त्या दिवशी क्रीम लावूच नका, कोरडा पाय बरा. बेचक्यात आधीच पांढरी साल, चीर किंवा वास असेल तर त्या चिखल्याच आहेत. त्यावर बुरशीनाशक मलम लागतं, बॅरियर क्रीम नव्हे.

तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका पावलाला अशा दोन रेघा पुरतात. झिंकचा थर चुन्यासारखा दिसला तर जास्त झालंय, खालची त्वचा दिसली पाहिजे. तळव्याला लावू नका, चप्पल सटकते.

परत आल्यावर धुवा, तसंच पुसा. दादरजवळच्या हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून आला असाल आणि पायाला जखम असेल तर क्रीमच्या भरवशावर राहू नका, लेप्टोचे (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू त्याने अडत नाहीत. 24 ते 72 तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांचं विचारा.

टाचांचा हिशेब उलटा. रात्री त्या किंचित ओल्या असतानाच जेली लावायची, म्हणजे ओल आत राहते आणि भेगा मऊ पडतात. वर सुती मोजे घाला, नाहीतर फरशीवर पाय घसरेल. मोजे बोटांशी कापलेले असले तर उत्तम, बेचक्यांना हवा लागते.