वॉर्डातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे

मनोरुग्णालयातून सुट्टी मिळाली की घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण आत्महत्येचा धोका सर्वांत जास्त असतो तो सुट्टीनंतरच्या याच पहिल्या काही आठवड्यांत. वॉर्डात गोळ्या कुणीतरी हातावर ठेवतं, झोपेची वेळ ठरलेली असते, रात्री नर्स फेरी मारते. घरी हे सगळं एका दिवसात थांबतं. म्हणून तयारी वॉर्डात असतानाच करायची.

डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांसमोरच वाचा. कोणती गोळी कशासाठी, किती, कधी आणि किती दिवस, हे विचारून घ्या. आधीच्या कोणत्या गोळ्या बंद केल्या तेही विचारा, नाहीतर घरातल्या जुन्या पाकिटातली गोळी आणि नवी गोळी दोन्ही पोटात जातात. पुढची भेट 7 दिवसांच्या आतली हवी. तारीख ठरल्याशिवाय निघू नका.

घरी आठवड्यापुरत्याच गोळ्या डबीत ठेवा, बाकीच्या विश्वासातल्या माणसाकडे कुलपात. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद तर मुळीच करू नका.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला 2 ते 4 आठवडे लागतात, कधी जास्तही. पंचविशीच्या आतल्या काहींमध्ये सुरुवातीला मरणाचे विचार उलट वाढतात. तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सायकोसिसवरच्या (भास-भ्रम होतात त्या आजारावरच्या) गोळ्यांनी कधी पाय एका जागी ठरत नाहीत, बसवत नाही. घरचे याला आजार वाढला समजतात, पण हा औषधाचा त्रास असतो आणि त्यावर उपाय आहे. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर रक्ततपासणी आदल्या गोळीनंतर 12 तासांनी करायची. जुलाब-उलट्या झाल्या किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक घेतली, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

उठायची वेळ रोज एकच ठेवा. बायपोलर आजारात (कधी खूप उदासी, कधी अति उत्साह) सलग दोन रात्री तीन-चार तासच झोप होऊनही अंगात उत्साह सळसळत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा.

एका कागदावर लिहा: माझं बिघडायला लागलं की आधी काय दिसतं, तेव्हा कुणाला फोन करायचा, ते भेटले नाहीत तर कुणाला, आणि रात्री कोणत्या रुग्णालयात जायचं. मन थाऱ्यावर असतानाच लिहा, कारण ऐन वेळी हे सुचत नाही. एक प्रत घरच्यांकडे द्या.

कॉलेज किंवा काम लगेच पूर्ण वेळ सुरू करू नका. आधी अर्धा दिवस जा आणि गोळीने सकाळी किती गुंगी राहते ते पाहूनच वेळ वाढवा.