बी.कॉम., बीएमएस, बीबीए : क्रेडिट भरूनही पदवी अडते ती या चुकांमुळे

सगळे पेपर सुटले, टक्केही बरे, आणि तरीही सहाव्या सत्राचा निकाल 'राखीव', म्हणजे रोखून ठेवलेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाल्यापासून वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत हे प्रकार वाढले आहेत. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून घेतली. अडचण बहुतेक वेळा कॉस्टिंग किंवा स्टॅटिस्टिक्ससारख्या अवघड पेपरची नसतेच. कुठला तरी दोन क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन मोजण्याचे एकक) विषय राहिलेला असतो, किंवा मिळवलेले क्रेडिट योग्य खात्यात नोंदलेले नसते.

प्रवेशाआधीच होणारी चूक : नाव सारखे, वाट वेगळी

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत आले. त्यांच्या प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. पहिल्या वर्षी तिचा साचा १०० प्रश्न, ९० मिनिटे असा होता : इंग्रजी ४०, तर्कक्षमता ३०, सामान्य ज्ञान १५, संगणकाची तोंडओळख १५. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तरी मुले प्रश्न कोरे सोडून येतात.

दुसरीकडे, काही महाविद्यालयांनी बीएमएसच्या जागी 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' अशा नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याला ही सीईटी लागत नाही. दोन्हींत मार्केटिंग, फायनान्स, एचआर असतेच, पण पदवीवर छापले जाणारे नाव वेगळे आणि क्रेडिटची विभागणीही तंतोतंत तीच असेल असे नाही. म्हणून माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर विसंबू नका. विद्यापीठाच्या परिपत्रकात पदवीचे पूर्ण नाव काय आहे ते पाहा. बारावीनंतर सीईटीचा फॉर्म भरायचा राहिला म्हणून वर्ष गेले असे समजण्याचेही कारण नाही, हा दुसरा रस्ता तेव्हा उघडा असतो.

फक्त बेरीज पाहणे

तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, दर सत्राला २० ते २२. बहुतेक मुले एवढेच लक्षात ठेवतात, आणि इथेच फसतात. क्रेडिट एकूण किती झाले यापेक्षा कुठल्या कप्प्यात किती झाले, हे आधी तपासले जाते. एका कप्प्यातले जास्तीचे क्रेडिट दुसऱ्यात चालत नाहीत.

राज्याच्या आराखड्याप्रमाणे २२ क्रेडिटचे पहिले सत्र साधारण असे भरते : मेजर (मुख्य विषय) ६, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई (खुला ऐच्छिक विषय) ४, आणि व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (क्षमतावृद्धी), व्हीईसी (मूल्यशिक्षण), भारतीय ज्ञानप्रणाली व सीसी (सहअभ्यासक्रमीय उपक्रम) प्रत्येकी २. दुसऱ्या सत्रात ज्ञानप्रणालीच्या जागी मायनर (दुय्यम विषय) येतो. पुढच्या वर्षांत मेजरचा वाटा वाढतो, फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचा प्रकल्प येतो, आणि सहाव्या सत्रात ४ क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे ओजेटी. सहा सत्रांची बेरीज केली की एईसी ८, व्हीईसी ४, सीसी ८, ओई १० ते १२ आणि मायनर १८ ते २० असे आकडे दिसायला हवेत.

तुमच्या विद्यापीठात थोडा फरक असेल. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय देऊन मेजर-मायनर दुसऱ्या वर्षी ठरवायला सांगतात. त्यामुळे सीनियरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ वापरू नका. २०२३ च्या आणि २०२४ च्या तुकड्यांची रचना एकाच इमारतीत वेगळी असू शकते. आपल्या प्रवेशवर्षाचा तक्ता मिळवा, एक्सेलमध्ये प्रत्येक कप्प्याला एक रकाना करा आणि दर निकालानंतर भरा. चौथ्या सत्राच्या निकालानंतर एखादा रकाना मागे दिसला, तर तो भरायला अजून दोन सत्रे हातात असतात. सहाव्यात कळले तर नसतात.

सीसी हा कप्पा सर्वांत जास्त विसरला जातो. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक यांपैकी काहीतरी घेतलेले असते, पण हजेरी वहीत सही नसते. शिबिराला गेलात, पथनाट्यात काम केले, तरी प्रभारी शिक्षकांच्या यादीत नाव नसेल तर क्रेडिट शून्य. सत्र संपण्याआधी त्या यादीत आपले नाव डोळ्यांनी पाहून या.

ओई आपल्याच शाखेतून घेणे

वाणिज्यच्या मुलांना यादीत 'शेअर बाजाराची ओळख' किंवा 'वैयक्तिक अर्थनियोजन' दिसले की हात तिकडेच जातो. तो पेपर बहुधा कला आणि विज्ञानाच्या मुलांसाठी ठेवलेला असतो. नियम स्पष्ट आहे : ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. ऑनलाइन फॉर्म मात्र चुकीची निवड प्रत्येक वेळी अडवतोच असे नाही. मग पेपर होतो, गुण येतात आणि छाननीत तो बाद ठरतो. अशा वेळी नवा ओई घेऊन पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

निवड चुकली असे वाटले तर पहिल्या पंधरवड्यातच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परीक्षेचा फॉर्म भरून गेल्यावर विषय बदलणे महाविद्यालयाच्या हातात फारसे राहत नाही, सगळे विद्यापीठाकडे जाते. ओई निवडताना मानसशास्त्र, डेटा हाताळणी, एखादी परदेशी भाषा असे मेजरला धार लावणारे काही मिळते का पाहा. 'सोपा आहे' एवढ्याच निकषावर घेतलेल्या पेपरला गर्दी असते आणि त्याची इंटर्नल्स हमखास लांबतात.

मायनर अर्ध्यात सोडणे

मायनर दुसऱ्या सत्रात २ क्रेडिटने सुरू होतो आणि पुढे दर सत्राला ४ ने वाढतो. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बदललात तर २ क्रेडिटची भरपाई, चौथ्याच्या सुरुवातीला बदललात तर ६ ची. म्हणजे उशीर जितका, तितके ओझे. निवडण्याआधी विभागप्रमुखांना एकच प्रश्न विचारा : हा मायनर सहाव्या सत्रापर्यंत चालणार का? विद्यार्थीसंख्या पुरेशी नसली की मायनर बंद पडतात आणि मुलांना दुसरीकडे वळवले जाते. असे झाले तर आधीचे क्रेडिट कुठल्या कप्प्यात धरणार, हे लेखी घ्या.

दोन क्रेडिटचे पेपर हलके समजणे, आणि उलट

गुणांचे गणित दोन्ही बाजूंनी चुकते. समजा, तीन २-क्रेडिट विषयांत ओ श्रेणी, म्हणजे १० गुणांक, आणि दोन ४-क्रेडिट विषयांत जेमतेम पास, म्हणजे ४. सरळ सरासरी काढली तर ७.६ येते आणि घरी पेढे वाटले जातात. पण एसजीपीए (सत्राची गुणांक-सरासरी) क्रेडिटने गुणून काढतात : ६० अधिक ३२, भागिले १४, म्हणजे ६.५७. मोठ्या पेपरने खाली ओढलेला आकडा छोट्या पेपरांनी वर येत नाही.

उलट, २-क्रेडिटचा पेपर नापास झाला तर केटी (पेपर पुन्हा देणे) तेवढीच पक्की. त्यात उत्तीर्ण होण्याची अट बहुतेक ठिकाणी इंटर्नल (अंतर्गत मूल्यमापन) आणि लेखी अशा दोन्ही भागांना वेगळी असते. ६०:४० ची पद्धत आणि दोन्हींत ४० टक्क्यांची अट असेल, तर ५० गुणांच्या पेपरला लेखीत ३० पैकी १२ आणि इंटर्नलमध्ये २० पैकी ८ हवेत. लेखीत २८ पडले आणि इंटर्नलचे सबमिशनच दिले नाही, तर २८ चा उपयोग नाही. इंटर्नलची केटी सोडवणे लेखीपेक्षा कटकटीचे, कारण ती कधी घेणार याचे वेळापत्रक विद्यापीठ लावत नाही. विभागाच्या मागे लागावे लागते.

ओजेटीचे तास आणि कागद

१ क्रेडिटला ३० तास, म्हणून ४ क्रेडिटला १२० तास. प्रमाणपत्रावर '२ मे ते २१ मे' असे लिहून आणले की वीस दिवस दिसतात. त्यात तीन रविवार आले तर कामाचे दिवस १७, रोज सहा तास धरले तर १०२ तास. अठरा तास कमी, आणि फाईल परत. तारखांबरोबर एकूण तास आकड्यात लिहून घ्या.

फाईलमध्ये साधारण हे लागते : महाविद्यालयाचे शिफारसपत्र, संस्थेचे रुजू करून घेतल्याचे पत्र, रोजच्या कामाची सही केलेली नोंदवही, लेटरहेडवर शिक्का आणि सहीसह पूर्णत्वाचे प्रमाणपत्र, आणि अहवाल. पत्राचा क्रम महत्त्वाचा. आधी काम आणि मग परवानगी अशी तारीख दिसली की प्रश्न येतात. काकांच्या दुकानात किंवा घरच्या एजन्सीत काम केले तर नियमाने बंदी असेलच असे नाही, पण नोंदवहीत रोज 'हिशेब पाहिले' एवढेच असेल तर तोंडी परीक्षेत उभे राहता येणार नाही. 'जीएसटीआर-१ साठी ४२ विक्री बिले टॅलीत चढवली, दोन बिलांत एचएसएन कोड चुकीचा होता' अशी नोंद असेल तर कुणी शंका घेत नाही.

सीएची आर्टिकलशिप (सीएच्या अभ्यासक्रमातले प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) चालू असलेल्यांनी ती ओजेटी म्हणून धरली जाईल असे गृहीत धरू नये. आधी विभागाकडून लेखी होकार घ्या. शिवाय आर्टिकलशिपसोबत पदवी करताना आयसीएआयची (सीएंची राष्ट्रीय संस्था) फॉर्म ११२ ची परवानगी लागते, आणि कॉलेजच्या वेळा ऑफिसच्या वेळेशी भिडता कामा नयेत. ७५ टक्के हजेरीचा नियम असलेल्या ठिकाणी सकाळची तुकडी हाच व्यवहार्य मार्ग आहे.

एबीसी खात्यातले नाव

क्रेडिट शेवटी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी) जमा होतात. खाते डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे उघडते आणि १२ आकडी क्रमांक मिळतो. बिघाडाचे कारण जवळजवळ नेहमी एकच : नाव. राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचे पूर्ण नाव, कुठे नुसते आद्याक्षर. वैष्णवीचे स्पेलिंग एका जागी 'व्ही'ने, दुसऱ्या जागी 'डब्ल्यू'ने. विद्यापीठाची नोंद आणि आधार जुळले नाही की क्रेडिट चढत नाहीत.

आधी बारावीच्या मार्कशीटप्रमाणे विद्यापीठाची नोंद बरोबर आहे का पाहा, मग आधार त्याला जुळवून घ्या. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येते, म्हणून घाईत अर्ज करू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून आणखी एक खाते उघडण्याचा खटाटोपही नको. पहिल्या सत्राच्या निकालानंतर महिनाभरात खात्यात क्रेडिट दिसले नाहीत, तर परीक्षा विभागात जा.

स्वयंचे कोर्स

स्वयंवरून (केंद्र सरकारचे ऑनलाइन कोर्सचे व्यासपीठ) एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय करता येतात, असे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोग) नियम सांगतात. पण आधी महाविद्यालयाची मंजुरी हवी. मुले कोर्स पूर्ण करतात आणि मग प्रमाणपत्र घेऊन येतात, तेव्हा तो कुठल्याच कप्प्याला लागू पडत नाही. कोर्सची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी राहिली तर व्हिडिओ पाहिल्याचे क्रेडिट मिळत नाहीत.

पुढच्या वाटेची अट आत्ताच न पाहणे

पदवीनंतर सीए फाउंडेशन न देता थेट इंटरला जायचे असेल, तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के लागतात. शिवाय अकाउंटिंग, ऑडिटिंग, कायदा, अर्थशास्त्र, करआकारणी, कॉस्टिंग, व्यवस्थापन अशा यादीतले १०० गुणांचे किमान तीन पेपर झालेले हवेत. नव्या रचनेत ५० गुणांचे पेपर बरेच आहेत, म्हणून डीएसई (मेजरमधले ऐच्छिक पेपर) निवडतानाच ४-क्रेडिटचे असे तीन पेपर मोजून घ्या. ही अट बसत नसेल तर इतर पदवीधरांसारखे ६० टक्के लागतात. सीजीपीएवरून (सर्व सत्रांची मिळून गुणांक-सरासरी) टक्के काढण्याचे सूत्र आपल्या विद्यापीठाचे घ्या, इंटरनेटवरचे नको.

चौथे वर्ष घ्यायचे तर एकूण १६० ते १७६ क्रेडिट. त्यातल्या संशोधनाच्या शाखेला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो. मध्येच बाहेर पडायचे ठरले, तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्रासाठी आणि दुसऱ्यानंतर पदविकेसाठी वर्षाच्या क्रेडिटशिवाय ४ क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. ती न करता कॉलेज सोडलेल्यांच्या हाती फक्त मार्कशीट उरते. परत येण्याची मुदत तीन वर्षे, पदवी पूर्ण करण्याची एकूण सात.