व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलंय, पण चालू कामाला धक्का न लावता अपडेट कसं करायचं?

नवीन व्हर्जन आलं की आपल्या लाईनमधले दोन-चार जण त्याच रात्री टाकून मोकळे होतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचा तरी फोन येतो की अरे माझा प्रोजेक्टच उघडत नाहीये, आता काय करू. मी स्वतः यातून गेलोय. एका लग्नाचं हायलाइट सकाळी द्यायचं होतं आणि आदल्या रात्री अपडेट मारलं, सॉफ्टवेअर कुठलं ते महत्त्वाचं नाही. टाइमलाइन उघडली पण अर्ध्या ट्रान्झिशनच्या जागी लाल पट्टे, आणि जुनं व्हर्जन परत टाकलं तर ते म्हणतंय हा प्रोजेक्ट नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह झालाय, उघडणार नाही. दोन रात्री जागून सगळं पुन्हा कापलं. तेव्हापासून ज्या पद्धतीने अपडेट करतो ती इथे लिहितोय, उदाहरण दाविंची रिझॉल्व्हचं घेतलंय कारण फुकट व्हर्जनमुळे ते आता गावोगावच्या मिक्सिंगवाल्यांकडे पोचलंय, पण प्रीमियर, एडियस, केडेनलाइव्ह काहीही वापरत असाल तरी क्रम हाच.

आधी कॅलेंडर बघा

हे कुणी सांगत नाही म्हणून पहिल्यांदा सांगतो. रिझॉल्व्हचं नवीन मोठं व्हर्जन बहुतेक वेळा एप्रिलमध्ये जाहीर होतं, कारण तेव्हा अमेरिकेत लास वेगासला नॅब शो, म्हणजे टीव्ही-व्हिडिओवाल्यांचं मोठं प्रदर्शन असतं. १८ आलं एप्रिल २०२२ मध्ये, १९ एप्रिल २०२४ मध्ये, २० एप्रिल २०२५ मध्ये. आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे काय तर लग्नांचा ऐन हंगाम, एकेका दिवशी दोन-दोन मुहूर्त! शिवाय तेव्हा येतो तो पब्लिक बीटा असतो, म्हणजे कंपनीच सांगत असते की अजून चाचणी चालू आहे. पक्कं व्हर्जन नंतर येतं, १८ चं जुलैमध्ये आलं, १९ चं ऑगस्टमध्ये, २० चं मात्र लवकर, मे संपता संपता. म्हणून माझा नियम साधा आहे, आषाढी एकादशी झाली की अपडेटचा विचार करायचा. चातुर्मासात लग्नं नसतात, जुन्या पार्ट्यांचे, म्हणजे गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह देऊन झालेले असतात, आणि काही बिघडलंच तर तुळशीच्या लग्नापर्यंत निस्तरायला वेळ मिळतो. गणपतीत मंडळांची कामं घेत असाल तर त्याच्या आधी तरी उरका.

आणि पक्कं व्हर्जन आलं तरी लगेच नाही. त्यानंतर छोटी दुरुस्तीची व्हर्जनं येतात, म्हणजे शेवटी पॉइंट एक, पॉइंट दोन लागलेली. मी निदान एक दुरुस्ती येईपर्यंत थांबतो.

लोकांचे अनुभव वाचा, पण नीट वाचा

थांबायच्या काळात करायचं काम हेच. "भारी चालतंय" किंवा "बकवास आहे, टाकू नका" एवढंच लिहिलेलं असेल तर दोन्ही तुमच्या उपयोगाचं नाही. ज्याने पूर्ण व्हर्जन नंबर दिलाय, विंडोज की मॅक ते सांगितलंय, ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर कुठला, फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं, हे लिहिलंय त्याचं वाचा, आणि त्यातही ज्याचं मशीन तुमच्यासारखं आहे त्याचं आधी. मॅकवाल्याचं सुसाट चाललं म्हणून तुमच्या जुन्या एनव्हिडिया कार्डवर तसंच चालेल असं काही नसतं. आणखी एक, फुकट व्हर्जन आणि पैसे भरून घेतलेलं स्टुडिओ व्हर्जन यात फरक आहे. फुकटमध्ये एक्स्पोर्ट अल्ट्रा एचडीपर्यंतच होतं, काही इफेक्टवर वॉटरमार्क येतो, आणि लिनक्सवर तर एच-२६४ चं (बहुतेक कॅमेरे-मोबाईल देतात त्या फॉरमॅटचं) फुटेज फुकट व्हर्जन घेतच नाही. कितीतरी जण याला नव्या व्हर्जनचा बग समजून चिडलेले असतात आणि ते आधीपासूनच तसं असतं.

लोकांचा राग कधीकधी शंभर टक्के खरा पण असतो. जून २०११ मध्ये ॲपलने फायनल कट प्रो एक्स हे एडिटिंग सॉफ्टवेअर आणलं तेव्हा त्यात फायनल कट सातचे जुने प्रोजेक्ट उघडतच नव्हते आणि मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र लावून कापायची सोय पण नव्हती. वर्षानुवर्षांची कामं ज्यांच्याकडे सातमध्ये पडली होती त्यांनी करायचं काय? एवढी ओरड झाली की कंपनीने लोकांना पैसे परत दिले, आणि मल्टिकॅम यायला जानेवारी २०१२ उजाडला. ज्यांनी सात आपल्या मशीनवर तसंच ठेवलं होतं त्यांचं काम चालू राहिलं.

बॅकअप, इथे घाई करू नका

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. रिझॉल्व्हचे प्रोजेक्ट सुट्या फाइलसारखे डोळ्यासमोर नसतात, ते एका प्रोजेक्ट लायब्ररीत असतात. मोठं नवीन व्हर्जन पहिल्यांदा उघडलं की ते ही लायब्ररी अपग्रेड करू का विचारतं, तुम्ही हो म्हणालात की ती जुन्या व्हर्जनला उघडता येत नाही. एकेरी रस्ता आहे हा. म्हणून जुनं व्हर्जन चालू असतानाच हे करून घ्या:

१. प्रोजेक्ट मॅनेजर उघडा, डाव्या बाजूला प्रोजेक्ट लायब्ररींची यादी दिसू द्या, आपली लायब्ररी निवडून तिचा बॅकअप घ्या. ही फाइल दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्याच डिस्कवर नको.

२. चालू असलेल्या प्रत्येक प्रोजेक्टवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट प्रोजेक्ट करा, डीआरपी फाइल तयार होते. पण लक्षात ठेवा, यात फुटेज नसतं, फक्त कापलेलं काम असतं. फुटेजसकट सगळं हवं असेल तर एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह करायचं, त्याला जागा भरपूर लागते.

३. आत्ता चालू असलेल्या व्हर्जनचा इन्स्टॉलर जपून ठेवा. रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीच्या सपोर्ट पानावर जुनी व्हर्जनं मिळतात, पण ऐनवेळी दोन-तीन जीबी उतरवायला गावात नेट असेलच असं नाही.

४. लट्स (रंगाच्या तयार सेटिंगच्या फाइल), टायटलचे टेम्प्लेट, फॉन्ट, प्लगइनचे (वरून जोडलेल्या इफेक्टचे) इन्स्टॉलर आणि त्यांच्या लायसन्स की एका फोल्डरमध्ये गोळा करा. कीबोर्ड शॉर्टकट बदललेले असतील तर ते पण एक्स्पोर्ट करा.

प्रीमियरवाल्यांसाठी इथे एक गोष्ट. ॲडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमधून अपडेट करताना जुनं व्हर्जन काढून टाकायची टिक आधीच लावलेली असते, ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये जाऊन ती काढा म्हणजे दोन्ही व्हर्जन शेजारी राहतात. केडेनलाइव्ह वापरणाऱ्यांनी पण प्रोजेक्ट फाइलची कॉपी करूनच नव्यात उघडायची, २०.०८ व्हर्जनला त्यांनी फाइलचा साचाच बदलला होता आणि त्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडत नव्हतं. एडियस सात जेव्हा ६४ बिट झालं तेव्हा जुने ३२ बिट प्लगइन असेच निकामी झाले, त्यामुळे प्लगइन बनवणाऱ्याने नव्या व्हर्जनसाठी काही काढलंय का हे आधी बघा.

मोबाईलवर एडिट करणाऱ्यांनी एवढंच करा, प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर तीन टिंबं दाबून ऑटो अपडेट बंद ठेवा.

आता टाका

ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर आधी. नव्या व्हर्जनच्या रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, कुठला ड्रायव्हर लागतो ते दिलेलं असतं, एनव्हिडिया असेल तर गेम रेडी नको, स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. मशीन रिस्टार्ट करा, मग सॉफ्टवेअर. उघडल्यावर जुनी लायब्ररी अपग्रेड करायचा मोह आवरा, एक नवीन रिकामी लायब्ररी बनवा आणि त्यात चाचणीपुरती एखादी डीआरपी इम्पोर्ट करा.

चाचणीचा प्रोजेक्ट

माझ्याकडे तीन मिनिटांची एक टाइमलाइन कायम तयार असते. त्यात कॅमेऱ्याची टेन बिट क्लिप, ड्रोनची एक, पाहुण्याने मोबाईलवर काढलेली एक (मोबाईलचा फ्रेम रेट कमी-जास्त होतो त्यामुळे आवाज सरकतोय का ते लगेच कळतं), मंगलाष्टकांचा वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज, वरातीचा एक स्लो मोशन शॉट, लट, नॉइज कमी करायचा इफेक्ट आणि मराठी टायटल असं सगळं आहे. अपडेटच्या आधी जुन्या व्हर्जनमध्ये ही रेंडर करून वेळ वहीत लिहून ठेवायची, नंतर नव्यात त्याच सेटिंगवर रेंडर मारायची. मग दोन्ही फाइल शेजारी लावून हेडफोन घालून पूर्ण बघायच्या, मध्ये कुठेही पुढे पळवायच्या नाहीत. लाल शालू आणि हळदीचा रंग बदललाय का ते बघा, पार्टीच्या डोळ्यात तेच आधी भरतं.

मराठी टायटलकडे खास लक्ष द्या, कारण बाहेरचे रिव्ह्यू यावर कधीच बोलत नाहीत. चि. सौ. कां., सूर्यवंशी, ज्ञानेश्वर, श्रद्धा, कुर्यात सदा मंगलम् एवढे शब्द टाइप करून बघा. चि ची वेलांटी पलीकडे गेली, रफार सुटला किंवा जोडाक्षराचा पाय मोडून अक्षरं सुटी झाली तर लगेच दिसतं. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन वर आहे ना ते तपासा. पत्रिकेत नाव बरोबर आणि व्हिडिओत चूक असं झालं तर त्या घराला ते आयुष्यभर दिसत राहतं, म्हणून मी यावर इतका जोर देतोय.

जमलं नाही तर

चाचणीत काही अडलं तर सगळा खटाटोप इथे कामी येतो. नवीन व्हर्जन काढा, ठेवलेला जुना इन्स्टॉलर चालवा, जुनी लायब्ररी आपण अपग्रेड केलेलीच नव्हती त्यामुळे ती तशीच उघडायला हवी, नाहीच उघडली तर बॅकअपमधून रिस्टोअर करा.

पण परत जाण्याआधी दहा मिनिटं काढून कंपनीला कळवा. रिझॉल्व्हच्या हेल्प मेनूमध्ये डायग्नोस्टिक्स लॉग बनवायची सोय आहे, ती फाइल आणि सोबत पूर्ण व्हर्जन नंबर, कार्ड, ड्रायव्हर, फुटेजचा प्रकार, आणि नेमकं काय केल्यावर बंद पडतं ते क्रमाने लिहा. वेलांटी चुकत असेल तर स्क्रीनशॉट जोडा आणि त्याच शब्दाचं बरोबर रूप शेजारी दाखवा, कारण ते बघणाऱ्याला मराठी वाचता येत असेलच असं नाही. आपल्यातल्या पाच-पंचवीस जणांनी जरी असं कळवलं तरी आपली अडचण त्यांच्या यादीत तरी लागेल.