नोंदणी झाली, पडताळणी बाकी: साइट खुली करण्याआधी

सदस्याने फॉर्म भरला आहे, पण ईमेल त्याचाच आहे हे पडताळणारी मेलमधली लिंक अजून दाबलेली नाही. या मधल्या वेळात त्याला किती आत घ्यायचं, हे कोडला हात लावण्याआधी कागदावर ठरवा. माझा कौल ओसरीचा आहे: पाहुण्याला उन्हात उभं ठेवू नये आणि थेट माजघरातही नेऊ नये. लॉगिन होऊ द्या, वाचू द्या, स्वतःची माहिती भरू द्या. इतरांना संदेश पाठवणं, फोटो सगळ्यांसमोर टाकणं, पैशांचे व्यवहार हे पडताळणीनंतर. आजाराच्या नोंदी ठेवणारी साइट असेल तर मात्र दार बंदच हवं.

जँगो या वेबसाइट बांधायच्या पायथन चौकटीत काम करत असाल तर सदस्य 'सक्रिय' आहे की नाही या तयार खुणेवर हे ओझं टाकू नका. मोह होतो, कारण ती खूण काढली की लॉगिन आपोआप अडतं. पण नेहमीच्या रचनेत जँगो त्या माणसाला युजरनेम आणि पासवर्ड बरोबर टाका, एवढंच सांगतो. पडताळणी राहिली आहे हे त्याला कळतच नाही. त्याला वाटतं, पासवर्ड विसरलो. तो नवा पासवर्ड मागतो, आणि निष्क्रिय सदस्याला जँगो तो मेल पाठवतच नाही. माणूस इथून तिथे हेलपाटे घालतो आणि शेवटी नाद सोडतो. शिवाय गैरवर्तनासाठी काढलेल्या सदस्याचीही तुम्ही हीच खूण काढता. त्याच्याकडे जुनी, न वापरलेली लिंक असेल तर ती दाबून तो परत आत येऊ शकतो. म्हणून ईमेलची पडताळणी कधी झाली, याच्या तारखेचा वेगळा रकाना ठेवा. लारावेल या पीएचपीमधल्या तशाच चौकटीत तो तयारच मिळतो.

आता ज्याचा ईमेल आहे त्याचा विचार करा. कुणीही दुसऱ्याच्या पत्त्यावर खातं उघडून ठेवू शकतं. खरा मालक महिन्याभराने येतो, गूगलने लॉगिन करतो, दोन्ही खाती जोडली जातात आणि आधीच्याचा पासवर्ड चालूच राहतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या ७५ लोकप्रिय सेवांपैकी किमान ३५ सेवांमध्ये अशा प्रकारची फट सापडली होती. खाती जोडताना पडताळणीआधीचा पासवर्ड रद्द करा आणि जुनी सगळी लॉगिन तोडा. हे टाळू नका, कारण नुकसान होतं ते काहीच चूक नसलेल्या माणसाचं.

लिंक उघडताक्षणी पडताळणी पूर्ण करू नका. काही कार्यालयांतली सुरक्षा यंत्रणा मेलमधल्या लिंक आधी स्वतःच उघडून बघते. लिंकवर एक पान आणि त्यावर 'हा ईमेल माझाच आहे' असं बटण ठेवा. लिंकची मुदतही पाहून घ्या: लारावेलमध्ये ती मुळात ६० मिनिटांची असते. गावाकडे रात्री नोंदणी करून सकाळी मेल बघणाऱ्याला ती पुरणार नाही. मी तीन दिवस ठेवते. मुदत संपलेल्या लिंकच्या पानावरच नवी मागवायची सोय द्या, पण तासाला किती वेळा, यावर मर्यादा घाला. पत्ता टाइप करताना चुकला असेल तर ओसरीवर बसूनच तो दुरुस्त करता आला पाहिजे.

मेल पोहोचतो का, हे जीमेलवर आणि निदान आणखी एका सेवेवर तपासा. मेल खरंच तुमच्याच साइटकडून आला आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी लावा. मेल मराठीत, साध्या शब्दांत लिहा आणि स्पॅममध्ये बघायला सांगा.

साइट आधीपासून चालू असेल तर नवा रकाना जोडल्याबरोबर जुने सगळे सदस्य बिनपडताळणीचे ठरतील. त्यांचं काय करायचं हे ठरवून तो रकाना आधी भरा, मगच नवा नियम लागू करा.